टांगणाऱ्याचा हात

या, असे जवळ सरका. मागच्या बाकावर बसलेल्यांनीही पुढं यावं, जागा पुष्कळ आहे. आमचा प्रवचनकार ब्रदर एल्झी कानावर हात ठेवून सूर धरतो तेव्हा डोंगरसुद्धा ऐकतो. तसला गळा मला देवानं दिला नाही. माझी आपली साधी बोली. पण गोष्ट खरी सांगेन असा शब्द देते. गोष्ट आहे लॉरेल खोऱ्यातल्या डेल्फिया रॅटलिफची, आणि चर्चमधल्या शेवटच्या बाकाची, ज्यावर आधी एक माणूस बसला आणि मग दुसरा. ऐकताना तुम्हाला डेल्फियाचा राग आला तरी चालेल. तिलाही तो चालेल.

त्या साली जून इतका दमट निघाला की दोरीवरची चादर संध्याकाळपर्यंत ओलीच राही. डेल्फिया मक्यात कुदळ मारत होती. पोलकं पाठीला चिकटलेलं, तळहाताच्या घट्ट्याखाली नवा फोड आलेला. तेवढ्यात आर्व्हिलची गाडी वर चढताना दिसली. रोजच्यापेक्षा लवकर.

आर्व्हिल तिचा नवरा. तरुणपणी त्यानं स्वतः कोळसा काढला, मग परीक्षा देऊन सरकारी खाण-तपासनीस झाला. ज्या भोकांतून तो पूर्वी माणसांबरोबर जात असे, त्याच भोकांतून आता तो त्यांच्यासाठी जाई. माणसं त्याला चिडवायची, पण तो आत आला की मोकळा श्वास घ्यायची.

हातपंपावर तोंड धुताना तो म्हणाला, "आज लाल पाटी टांगली."

"कुठं?"

"ब्लेव्हिन्सच्या खाणीत. डाव्या अंगाला."

डेल्फियानं कुदळ खाली ठेवली. डाव्या अंगाला तिचा भाऊ हॅसेल कामाला होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता. डेल्फियानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं.

"एवढं वाईट आहे?"

"दमट हवा आत शिरलीय. छताचा दगड पापुद्र्यासारखा सुटतोय. सळईनं ठोकलं की भोपळा वाजावा तसं वाजतंय. पक्का दगड हातभर वर आहे, आणि त्याला छत बांधून धरायचे बोल्ट यांनी घातलेत आखूड. स्वस्त पडतात म्हणून."

"हॅसेल काय म्हणाला?"

आर्व्हिल हसला. "म्हणाला, दाजी, देव तुमचं भलं करो, मासे धरायला सुट्टी दिलीत."

लाल पाटी म्हणजे एक साधा पत्र्याचा तुकडा. पण ती टांगली की तिच्या पलीकडे मालकानंही पाऊल टाकायचं नाही. आणि ज्यानं टांगली त्याच्याच हातानं ती निघायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. हा नियम शहाण्या माणसांनी केलेला. वरून दबाव आला तर कुणी भलत्यालाच पाठवून पाटी काढून घेऊ नये, म्हणून.

आठवडा उलटायच्या आत, जेवणाच्या वेळी, फोन वाजला. पानात मक्याची भाकर आणि वाल होते. डेल्फियाला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो साहेब. नाही, बदललेले नाहीत. एकही नाही. ... हो, सिनेटरसाहेब माझ्या ओळखीचे आहेत. एकाच चर्चमध्ये बसतो आम्ही."

सिनेटर म्हणजे ट्रुमन ब्लेव्हिन्स. खाण त्याच्या धाकट्या भावाच्या नावावर, आणि खाण-खात्याचा सालाचा पैसा ज्या समितीतून सुटतो, तिच्या वरच्या खुर्चीत हा. खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नसे.

आर्व्हिलनं फोन ठेवला. पानातली भाकर तशीच.

"काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. खातं स्वतंत्र आहे म्हणतात. कुणी कुणाला हुकूम देत नाही. सिनेटरनी फक्त विचारलंय, पुढच्या साली खात्याला एवढे तपासनीस खरंच लागतात का. आणि पाटी लवकर निघाली तर बरं पडेल."

"मग तुझ्या साहेबालाच पाठव म्हणावं काढायला."

"त्याला काढता येत नाही. माझाच हात लागतो."

"तर मग काढू नकोस."

"साहेब वाईट माणूस नाही गं डेल्फी. रडकुंडीला आला होता. म्हणाला, तू नाही काढलीस तर खात्यात पाटी टांगायलाच कुणी उरणार नाही."

साहेब खरंच वाईट नव्हता. असलं काम करायला वाईट माणसं कधी पुरत नाहीत. चांगल्यांनाच लावावं लागतं.

आर्व्हिल सकाळी गेला. आत वाकून वाकून डाव्या अंगापर्यंत पोचला, आणि दिव्याच्या उजेडात त्यानं पाटी खाली घेतली. हॅसेल शेजारी उभा होता. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही काढलीत म्हणजे ठीकच असणार."

हे आर्व्हिलनं घरी सांगितलं नाही. जुलैत छत कोसळलं, त्या संध्याकाळी सांगितलं.

बाकीचे मागं पळाले. हॅसेल पळाला नाही, कारण त्याच्या पायावर आधीच दगड होता. वर आणला तेव्हा बूट कापून काढावे लागले. डेल्फिया तिथं उभी होती. त्याचा हात मात्र धड होता. नखांत कोळसा होता, लहानपणी चिखल असायचा तसा. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्का नव्हता. ती आत कुठंतरी एक धार लावत बसली होती.

चौकशी शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. ट्रुमन पुढच्या रांगेत बसला, रुमाल डोळ्यांशी धरून. कंपनीच्या वकिलानं आर्व्हिलला थोडंच विचारलं.

"पाटी कुणाच्या हातानं निघाली?"

"माझ्या."

"कुणी बंदूक रोखली होती?"

"नाही."

"धन्यवाद."

तेवढ्यात सगळं मिटलं. खात्यानं आर्व्हिलला खाणींवरून काढून पेट्रोलपंपांवर घातलं. पत्र्याचं माप घेऊन फिरायचं, पंप बरोबर देतो का ते बघायचं. तो मापात वाकून बघत असला की मागून कुणीतरी म्हणे, "काठोकाठ आलंय ना रे, आर्व्हिल? नीट बघ. हे तरी नीट बघ." सगळे हसायचे. आर्व्हिल मान खाली घालून शिक्का मारायचा. चर्चमध्ये त्यानं जागा बदलली. भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. शेजारी कुणी बसेना.

डेल्फिया शेंगा निवडताना बघायची, नवरा दाराबाहेर बसलाय आणि रिकाम्या हातानं खांब ठोकतोय. टक टक. कान देऊन ऐकतोय, पक्का वाजतो का पोकळ.

आता चर्चची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून एकदा, सप्टेंबरात. दूरच्या कारखान्यांत गेलेली पोरंबाळं त्यासाठी गाड्या भरभरून परत येतात. भाकर आणि रस झाला की पुरुष पुरुषांचे आणि बायका बायकांचे पाय धुतात. पण त्याआधी महिन्याच्या शनिवारच्या सभेत विचारतात, आपण सगळे एकमेकांशी शांतीत आहोत का? एकानंही नाही म्हटलं, म्हणजे गाठ घातली, तर प्रभुभोजनाचं मेज मांडायचं नाही. आणि ज्यानं गाठ घातली, त्यानंच ती सोडायची.

ऑगस्टच्या शनिवारी ब्रदर एल्झीनं प्रवचन केलं. आधी बोलला, मग बोलता बोलता सूर चढला, मग वाक्यागणिक श्वास ओढून गाऊ लागला. सगळी सभा हलत होती. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "मंडळी, शांती आहे का?"

"शांती," सभा म्हणाली.

डेल्फिया उभी राहिली. "माझी नाही."

हातातले पंखे हलायचे थांबले.

"कुणाशी, सिस्टर?"

"ट्रुमन ब्लेव्हिन्सशी. पाटी कुणाच्या शब्दानं निघाली, ते त्यानं इथं उभं राहून सांगावं. हॅसेलचं नाव घेऊन. आर्व्हिल ऐकत असताना."

ट्रुमन पुढच्या बाकावरून हळू वळला. "सिस्टर डेल्फिया, तुमचं दुःख मी समजतो."

"तू समजू नकोस. तू सांग."

एल्झी म्हणाला, "एवढंच मागणं आहे ना तुमचं?"

"मला त्याचं रक्त हवं होतं, ब्रदर. पण चर्च ते देत नाही, म्हणून हे मागते."

गाठ पडली.

मग जे एकदा आर्व्हिलच्या वाट्याला आलं होतं, ते डेल्फियाच्या दाराशी आलं. तेही असंच, गोड आवाजात. आधी एक ट्रक आला आणि तिच्या चढावरच्या रस्त्यावर खडी टाकून गेला. मागितली कुणी नव्हती, पाठवली कुणी ते सांगावं लागलं नाही. डेल्फियानं फावडं घेतलं आणि सगळी खडी ओढत नेऊन ओढ्यात टाकली. पाठ मोडून आली, पण झोप छान लागली.

दुकानात बायका बोलल्या. "माझा मुलगा तीन राज्यं ओलांडून येतो या दिवसासाठी. देवाच्या मेजाला कुलूप घातलंय बाईनं."

डेल्फिया पीठ उचलत म्हणाली, "किल्ली माझ्याकडे नाही. ट्रुमनच्या जिभेखाली आहे. मागून बघा."

मग एल्झी स्वतः आला. टोपी गुडघ्यावर फिरवत बसला. "सिस्टर, सिनेटर म्हणतो, चर्चचं छत गळतंय, तो नवं घालून देतो."

"त्याला सांगा, छतांना त्यानं हात लावू नये."

एल्झीला हसू आलं आणि ते त्यानं टोपीत लपवलं. जाताना म्हणाला, "सूड देवाचा आहे, डेल्फिया."

"असू दे की. मी फक्त दार धरून उभी आहे. त्यानं यावं."

सगळ्यात जड गेलं ते घरातलं. आर्व्हिलला साहेबाचा फोन आला. जेवताना तो म्हणाला, "खाणींवर परत घेतायत मला. गाठ सुटली तर."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही सांगितलं. साहेब नुसतं म्हणाला, की बरं पडेल."

डेल्फियानं त्याच्याकडे बघितलं. त्याचे खांदे उतरलेले, बोटांना पेट्रोलचा वास. तिला त्याला मारावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं.

"आर्व्हिल, तुला परत आत जायचंय?"

"जायचंय गं. ते आखूड बोल्ट अजून तिथंच आहेत. माणसं त्याच छताखाली आहेत."

"मग माझी गाठ सुटली म्हणून गेलास आणि परत पाटी टांगलीस, तर ती किती दिवस टिकेल?"

त्यानं दारात जाऊन खांबावर एकदा टक केलं. मग म्हणाला, "नको सोडूस."

सप्टेंबर लागला तशी ट्रुमनची लांब गाडी चढावर आली. पण उतरली ती त्याची आई. सगळं खोरं तिला व्हर्डीमावशी म्हणे. नव्वदीला टेकलेली, काठीच्या आधारानं एकेक पायरी चढली. ट्रुमन काच वर करून गाडीतच बसला. डेल्फिया आणि व्हर्डीमावशी दरसाल एकमेकींचे पाय धुवायच्या. त्या पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड, टाचेची भेग, डेल्फियाच्या हाताला पाठ होती.

मावशी बसली आणि तिनं शेंगांची टोपली ओढली. वाळवायच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवायच्या होत्या. तिला सुईचं भोक दिसेना, तर डेल्फियानं दोरा ओवून दिला. दोघी ओवत राहिल्या.

"डॉक्टर म्हणतो, पुढचं मेज मला दिसणार नाही."

"ऐकलंय."

"घरात सांगतात, आर्व्हिल चुकला आणि तू दुःखानं वेडी झालीस. वेडी झालीस का गं?"

"तुमच्या मुलाला विचारा. तो काय तिथं बसलाय."

"त्याला पाळण्यापासून विचारत आलेय. तो खोटं बोलत नाही. विचारलेल्याच्या शेजारचं उत्तर देतो." मावशीनं शेंग दाताखाली तोडली. "डेल्फी, मी न धुतल्या पायांनी जावं, असं वाटतं तुला?"

त्या पायांकडे बघत डेल्फिया म्हणाली, "हो. हॅसेलचे बूट कापून काढले. त्याचेही पाय कुणी धुतले नाहीत."

मावशीनं हातातली माळ पुरी ओवली, गाठ मारली, आणि उठली. डेल्फिया तिला आधार द्यायला उठली, तर तिनं काठी पुढं केली. "राहू दे. मला जरा एकटीनं चालू दे."

सभेच्या शनिवारी चर्च भरून वाहत होतं. दूरच्या गाड्या ओढ्यापर्यंत लागलेल्या. पुरुष खिडक्यांबाहेर उभे. कोपऱ्यात पत्र्याची घमेली आणि घडी घातलेले पंचे तयार होते, देवाला आमची घाई कळावी म्हणून. आर्व्हिल शेवटच्या बाकावर. डेल्फिया मध्ये.

एल्झीनं विचारायच्या आधीच ट्रुमन उभा राहिला. चांगला कोट, चांगला आवाज.

"बंधुभगिनींनो, जे घडलं त्यानं माझं काळीज फाटलंय. खात्यानं आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतला. माझ्या एखाद्या साध्या विचारण्यानं कुणाचा गैरसमज झाला असेल, तर मला खेद आहे."

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. एल्झीनं डेल्फियाकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. त्या नजरांत भूक होती, थकवा होता, आणि घरी परतायची घाई होती. डेल्फियाच्या मनात आलं, आर्व्हिलला आत, पाटीसमोर, असंच वाटलं असेल. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात फळीवर काठी आपटली.

"ट्रुमन," व्हर्डीमावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "फोन केलास का?"

"आई, मी नुसती विचारणा—"

"केलास का?"

"... केला."

"काय बोललास?"

"पाटी लवकर निघाली तर बरं, असं."

"बरं, की नाही निघाली तर वाईट?"

ट्रुमननं कॉलर सैल केली. "दोन्ही."

"बोल्ट बदलले होते?"

"नाही."

"माहीत होतं तुला?"

बाहेर एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं. "माहीत होतं, आई."

"कोण मेलं?"

"हॅसेल."

शेवटच्या बाकावरून आवाज आला. हुंदका नव्हता. आर्व्हिलनं एवढ्या महिन्यांत धरून ठेवलेला श्वास सोडला.

डेल्फिया उभी होती. हवं ते मिळालं होतं. गोड लागेल वाटलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, लागलंही. ती म्हणाली, "माझी गाठ सुटली, ब्रदर. शांती."

सभा सैलावली. कुणीतरी घमेल्याला हात घातला.

"माझी नाही," व्हर्डीमावशी म्हणाली.

एल्झी खाली वाकला. "मावशी?"

"मला माझ्या मुलाशी शांती नाही. पंचे ठेवून द्या. मेज मांडू नका."

ट्रुमन तिच्यापुढं गुडघ्यावर आला. "आई, हे तुझं शेवटचं आहे गं. सगळं तुझ्यासाठीच बोललो मी. आणखी काय हवंय?"

"आत आज माणसं आहेत ना?"

"आहेत."

"त्याच बोल्टांखाली?"

ट्रुमननं मान खाली घातली.

"ते बदल. मग ये. तोवर मला आई म्हण, पण शांती म्हणू नकोस."

त्या साली मेज मांडलं नाही. माणसं आली तशी गाड्यांत बसून परत गेली. ट्रुमननं भावाला सांगितलं, भाऊ म्हणाला, हिवाळ्याचं कंत्राट आहे, ते झालं की बघू. पहिलं दहिवर पडलं त्या आठवड्यात व्हर्डीमावशी गेली.

तिचा देह आवरायला डेल्फिया गेली. परात भरून कोमट पाणी घेतलं आणि पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसली. वाकडा अंगठा धुतला, टाचेची भेग धुतली, बोटांच्या बेचक्या पुसल्या. ट्रुमन दारात उभा होता. चेहरा सुजलेला.

"पंचा मी देऊ का?" त्यानं विचारलं.

"नको," डेल्फिया म्हणाली. मान वर न करता.

बोल्ट त्यानं बदलले, बरं का. खरं ते सांगायला हवं. हिवाळा संपता संपता, सगळे, लांब आणि पक्के. मग तो सभेत आला आणि म्हणाला, "ब्रदर एल्झी, तिनं सांगितलं ते केलं. आता माझी गाठ सोडा."

एल्झीचे डोळे भरले. "ज्यानं घातली त्यानंच सोडायची, ट्रुमन."

"ती तर गेली."

"हो."

"सभेनं सोडावी. हात वर करायला सांगा. ब्रदर, बहुमत माझ्या बाजूनं होईल."

"होईल," एल्झी म्हणाला. "म्हणूनच ती सभेच्या हातात ठेवलेली नाही."

मेलेल्याची गाठ मेज अडवत नाही. ज्याच्याशी असते, फक्त त्याला अडवते. म्हणून पुढच्या सप्टेंबरात आमचं मेज मांडलं. आर्व्हिल पुढं आला; त्याचे पाय एल्झीनं स्वतः धुतले. त्याला खाणींवर परत घेतलं नाही, तो अजून पंपच तपासतो, पण आता मागून कुणी बोलत नाही. ट्रुमन भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर बसतो. दर महिन्याला येतो, मेजाच्या दिवशीही येतो, आणि घमेली पुढं सरकताना हात मांडीवर ठेवून बघत राहतो. डेल्फिया तेव्हा एकदा मागं वळून बघते. एकदाच. तिला ते पुरतं.

ओढ्यावरच्या नव्या पुलाला ट्रुमन ब्लेव्हिन्सचं नाव दिलंय, हिरव्या पाटीवर, पांढऱ्या अक्षरांत. ते लक्षात ठेवायला तुमची गरज नाही. हॅसेलच्या नावाची पाटी कुठंच नाही. तेव्हा त्या पुलावरून गेलात, की चाकांखाली फळ्या वाजतील. तेवढ्यापुरती त्या पोराची आठवण काढा. लाल पाटी दाजींनी काढली म्हणजे ठीकच असणार, असं म्हणून तो आत गेला होता.